विश्लेषण : भावाने घराबाहेर काढले, मोरोपंतांनी जवळ केले, शाहीर राम जोशींना बारामतीत काय मिळाले?

सोलापूरच्या वैदिक घराण्यातला मुलगा तमाशाच्या फडात गेला, शास्त्री झाला आणि पुन्हा फडाकडे वळला. त्याच्या वाटेत बारामती आली नसती तर मोरोपंतांच्या आर्या इतक्या घरांत पोहोचल्या असत्या का?

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की आधी मोडनिंब लागते, मग टेंभुर्णी. भीमा ओलांडली की इंदापूर, पुढे भिगवण आणि दौंड तालुक्यातील चौफुला. साधारण २५० किलोमीटरचा हा महामार्ग आपल्यापैकी अनेकांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे. यातील मोडनिंब आणि चौफुला ही गावे लावणीच्या कला केंद्रांसाठी आजही ओळखली जातात.

सोलापूर, पंढरपूर, बारामती आणि पुणे याच पट्ट्यात, सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी, एका शाहिराचे आयुष्य गेले. त्याचे नाव राम जोशी. शाळेच्या पुस्तकात पेशवाईतील शाहिरांच्या यादीत हे नाव येते आणि पुढच्या नावाकडे आपण वळतो. पण त्यांच्या आयुष्यात एक प्रश्न आहे, जो आजही प्रत्येक कलाकाराच्या घरी विचारला जातो. चांगल्या घरच्या मुलाने हे करावे का? आणि केले तर त्याची किंमत कोणी मोजायची?

कोण होते राम जोशी?

राम जगन्नाथ जोशी यांचा जन्म १७६२ च्या सुमारास सोलापुरात झाला. घराणे वेदशास्त्र जाणणारे. थोरले बंधू मुद्गल जोशी हे नावाजलेले पुराणिक. देवळात किंवा यजमानाच्या वाड्यात पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर घर चालवायचे, असा हा व्यवसाय. त्यात विद्वत्तेइतकीच घराची अब्रूही महत्त्वाची होती. ज्या घरातला माणूस देवासमोर बोलायला उभा राहतो, त्या घराकडे गावाचे बारीक लक्ष असते.

धाकट्या रामाला मात्र वेगळाच नाद लागला. परंपरेने चालत आलेल्या चरित्रकथेनुसार सोलापुरात धोंडी नावाच्या शाहिराचा फड होता. राम त्या फडात जाऊन बसू लागला आणि ऐकता ऐकता स्वतःच लावण्या रचू लागला. त्या धोंडी शाहिराच्या फडात म्हटल्या जाऊ लागल्या. पुराणिकाचा भाऊ तमासगिराचा कवी झाला, ही बातमी गावात लपून राहणे शक्य नव्हते.

तमाशाचा फड म्हणजे तेव्हा नेमके काय होते?

आज तमाशा म्हटले की तंबू, ट्रक, लाउडस्पीकर आणि वगनाट्य डोळ्यांसमोर येते. राम जोशींच्या काळात यातील बरेच काही नव्हते. वगनाट्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. त्याआधीचा फड लहान असे.

आजच्या भाषेत सांगायचे तर तो एक फिरता बँड होता. मधोमध शाहीर. त्याच्या हातात डफ किंवा शेजारी ढोलकीवाला. मागे तुणतुणे आणि झांज. शाहिराने ओळ म्हटली की मागचे साथीदार ती उचलून धरत. त्यांना झीलकरी म्हणतात. स्त्रीवेष घेऊन नाचणारा मुलगा म्हणजे नाच्या पोऱ्या. हसवण्याचे काम सोंगाड्याकडे. सुरुवात गणाने, मग गौळण आणि त्यानंतर लावण्या. दोन फड समोरासमोर आले तर सवाल-जवाब रंगत. कलगीवाले शक्तीला मोठे मानत, तुरेवाले शिवाला. एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने तिथल्या तिथे त्याला कवनात उत्तर द्यायचे.

शब्द लिहिणारा आणि गाणारा एकच असावा असेही नव्हते. त्याच काळात पुण्यात गाजलेल्या होनाजी-बाळा या जोडीत होनाजी कवने रचत आणि बाळा ती गात. सोलापुरात राम जोशींची सुरुवातही अशीच झाली. शब्द त्यांचे, आवाज फडाचा.

जत्रा, लष्कराचे तळ, सरदारांचे वाडे ही फडांची बाजारपेठ होती. पैसा मिळे, टाळ्याही मिळत. प्रतिष्ठा मात्र मिळत नसे. तमासगिराला वाड्याच्या चौकात बोलावले जाई, पण पंगतीत नाही.

घर का सुटले?

मुद्गल जोशींनी भावाला समजावून पाहिले, फरक पडला नाही, आणि शेवटी त्यांनी त्याला घराबाहेर काढले, असे परंपरा सांगते. आज वाचताना थोरल्या भावाचा राग येतो. पण त्यांच्या बाजूनेही क्षणभर पाहायला हवे. त्यांचा संपूर्ण चरितार्थ लोकांच्या विश्वासावर उभा होता. भावाच्या लावण्या ज्या तोंडांनी रात्री म्हटल्या जात, तीच माणसे सकाळी पुराणाला येणार होती.

बाहेर पडलेले राम जोशी फडाबरोबर गेले नाहीत. ते पंढरपूरला गेले आणि संस्कृत शिकले. त्यांच्या गुरूंचे नाव बाबा पाध्ये असे सांगितले जाते. हे बाबा पाध्ये म्हणजे काशीनाथ उपाध्याय, आजही व्रतवैकल्यांच्या आणि तिथींच्या निर्णयासाठी उघडल्या जाणाऱ्या धर्मसिंधु या ग्रंथाचे कर्ते. हा ग्रंथ १७९० च्या सुमाराचा. म्हणजे घरातून हाकललेला लावणीकार त्या काळातील धर्मशास्त्राच्या मोठ्या जाणकारासमोर विद्यार्थी म्हणून बसला.

काव्य, व्याकरण, अलंकार यांचा अभ्यास करून राम जोशी सोलापुरास परतले आणि पुराण सांगू लागले. इथे गोष्ट संपायला हवी होती. मुलगा सुधारला, घराची अब्रू राहिली. पण काही काळाने ते पुन्हा लावणीकडे आणि फडाकडे वळले. या वेळी नाद म्हणून नव्हे. काय सोडतो आहोत हे आता त्यांना पक्के माहीत होते.

त्यांच्या लावणीत वेगळे काय होते?

राम जोशींनी शृंगारिक लावण्या भरपूर लिहिल्या. स्त्रीच्या रूपाचे नखशिखांत वर्णन करणारी त्यांची लावणी आजही गायली जाते. पण शृंगार सगळेच लिहीत होते. राम जोशींचा वेगळेपणा तीन गोष्टींत दिसतो.

• पहिली गोष्ट म्हणजे नादाची बांधणी. एकाच ओळीत तीन-चार ठिकाणी यमक जुळवायचे, अक्षरे पुन्हा पुन्हा आणायची आणि ढोलकीच्या ठेक्यावर शब्द आपटत न्यायचा, ही त्यांची हातोटी. अर्थ कळण्याआधीच कान पकडला जातो.

• दुसरी गोष्ट म्हणजे पांडित्य. त्यांनी संस्कृतात लावणी लिहिली. एकाच लावणीत अनेक भाषा गुंफल्या. सोलापूरसारख्या मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकत्र नांदणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे सुचणे स्वाभाविक होते. छेकापह्नुती या अलंकारावर त्यांनी रचलेली लावणी अभ्यासकांना विशेष आवडते. या अलंकारात बोलणारी खरे बोलून जाते आणि समोरचीने ओळखले की चतुराईने दुसराच अर्थ सांगून सुटका करून घेते. तमाशातल्या प्रेक्षकाला अलंकाराचे नाव माहीत नसले तरी त्यातली गंमत लगेच कळत असणार.

• तिसरी गोष्ट म्हणजे उपदेश. जटा वाढवून आणि मठ थाटून साधुत्वाचे प्रदर्शन करणाऱ्यांना त्यांनी लावणीतून चिमटे काढले. मनुष्यजन्म वाया घालवू नका असे सांगणाऱ्या त्यांच्या रचना पुढे कीर्तनांतून आणि पाठ्यपुस्तकांतूनही आल्या. पुराणिकाच्या घरातून मिळालेले सगळे धन त्यांनी फडात नेऊन ओतले होते.

या सगळ्यात बारामती कुठे येते?

अठराव्या शतकातील बारामती म्हणजे नाईकांची बारामती. कऱ्हा नदीच्या काठी वाडा बांधून राहणारे बाबूजी नाईक जोशी हे त्या काळातील मोठे सावकार आणि सरदार. पेशव्यांच्या घराशी त्यांची सोयरीक होती. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली. १७४० मध्ये बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपदासाठी बाबूजींचेही नाव पुढे आले होते. ते पद नानासाहेबांना मिळाले.

या नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत होते. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, जन्म १७२९, पन्हाळगडावर. तरुणपणी ते बारामतीत आले, नाईकांच्या घरी पुराण सांगू लागले आणि मग आयुष्यभर इथेच राहून लिहीत गेले. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्यांमध्ये मराठीत आणले. रामायण तर वेगवेगळ्या शब्दबंधांत पुन्हा पुन्हा लिहिले. ही संख्या परंपरेने १०८ मानली जाते. देवाला आळवणारे केकावली हे त्यांचे काव्य उतारवयातले. केका म्हणजे मोराचा आर्त आवाज आणि मयूर हे कवीचेच नाव. १७९४ मध्ये बारामतीतच त्यांचे निधन झाले.

पंढरपूर आणि बारामती यांच्यातही जुना धागा होता. आज आषाढीला तुकोबांची पालखी बारामतीहून निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, अकलूज असे मुक्काम करत पंढरीला जाते. विद्वानांच्या जगात हे अंतर आणखी कमी होते. बाबा पाध्ये आणि मोरोपंत हे एकमेकांचे व्याही. पाध्यांची मुलगी मोरोपंतांच्या मुलाला दिलेली. पंढरपुरात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या कानावर बारामतीच्या पंतांचे नाव पडले नसेल, असे होणे अवघड.

भेटीत काय घडले?

या भेटीच्या कथा अनेक आहेत आणि त्यांत भरही पडत गेली आहे. गाभा मात्र सगळीकडे सारखा आहे. राम जोशींचा तमाशा बारामतीत झाला. मोरोपंतांपर्यंत त्यांचे कवित्व पोहोचले. पंतांनी तुच्छतेने पाठ फिरवली नाही. उलट त्यांनी कवी म्हणून त्यांचा मान ठेवला आणि ही वाणी कीर्तनात वापरावी, असे सुचवले. राम जोशींनी ते मनावर घेतले आणि ते कीर्तनाला उभे राहिले.

यात नुसत्या तारखा लावून पाहिल्या तरी चित्र स्पष्ट होते. मोरोपंत १७९४ मध्ये गेले, म्हणजे भेट त्याआधीची. तेव्हा राम जोशी फार तर तिशीत आणि पंत साठी ओलांडलेले. दोघांमध्ये ३३ वर्षांचे अंतर. एकाकडे आयुष्यभराचे लेखन आणि राजाश्रय, दुसऱ्याकडे ढोलकी आणि घरातून तुटलेले नाते. दोघेही पुराण सांगण्याचाच व्यवसाय जाणणारे. राम जोशींनी काय सोडले आहे, हे पंतांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अशीच कथा अनंत फंदी यांच्याबद्दलही सांगितली जाते. संगमनेरच्या या शाहिराला अहिल्याबाई होळकरांनी तमाशा सोडून कीर्तन करण्यास सांगितले आणि त्यांनी ते मानले. दोन शाहिरांच्या आयुष्यात एकच वळण दिसते, तेव्हा त्यात त्या काळाची अपेक्षा दिसते. गुणी माणसाने शेवटी फड सोडून देवळात यावे, अशी समाजाची इच्छा होती. कथा तशीच रंगवली गेली. राम जोशींनी मात्र लावणी कायमची टाकली नाही. कीर्तन आणि लावणी, दोन्ही त्यांच्या नावावर राहिले.

मोरोपंतांना यातून काय मिळाले?

हा भाग सहसा सांगितला जात नाही. आपण म्हणतो की पंतांनी शाहिराला वर आणले. पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली.

आर्या हे मात्रावृत्त. म्हणजे अक्षरे न मोजता मात्रा मोजायच्या. लघु अक्षराची एक, गुरू अक्षराच्या दोन. शास्त्रानुसार आर्येच्या पहिल्या अर्ध्यात ३० मात्रा आणि दुसऱ्या अर्ध्यात २७. मोरोपंतांच्या बहुतेक आर्यांमध्ये दोन्ही अर्धे ३०-३० मात्रांचे आहेत. वृत्तशास्त्र त्याला गीती म्हणते, पण मराठीत आर्या हेच नाव रूढ झाले. हिशेब अगदी काटेकोर. शब्द संस्कृतप्रचुर, समास लांब. वाचणाऱ्याला थांबून अर्थ लावावा लागतो.

अभंगाला टाळ-मृदंग होता आणि सगळ्यांना उचलता येणारी चाल होती. आर्येला असे धृपद नाही. ती पोथीत राहिली असती तर शास्त्र्यांपुरतीच उरली असती. तिला लोकांपर्यंत नेणारा माणूस असा हवा होता ज्याला संस्कृत पुरते कळते आणि गर्दी कधी कंटाळते हेही कळते. एक ओळ कुठे थांबवायची, कुठे दोनदा म्हणायची, मधे कोणते उदाहरण टाकायचे, हे पोथीत लिहिलेले नसते. ते फडात शिकायला मिळते.

राम जोशींकडे हे दोन्ही होते. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकप्रिय करण्याचे श्रेय परंपरा त्यांना देते. पुढे आख्यान लावताना आर्या म्हणणे हा कीर्तनकारांचा शिरस्ताच झाला आणि बारामतीच्या वाड्यात लिहिलेल्या ओळी ज्यांनी पोथी कधी उघडली नाही त्यांच्याही तोंडी बसल्या. पंतांनी शाहिराला प्रतिष्ठा दिली. शाहिराने पंतांना श्रोते दिले.

पुण्याच्या दरबारात पुढे काय झाले?

मोरोपंत गेल्यानंतर दोन वर्षांनी, १७९६ च्या अखेरीस, दुसरे बाजीराव पेशवे झाले. त्यांच्या काळात पुण्यात लावणीला मोठा आश्रय मिळाला. होनाजी-बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम ही नावे याच काळातली. राम जोशीही पुण्यात आले आणि पेशव्यांकडून त्यांचा गौरव झाला.

पण हा काळ स्वस्थतेचा नव्हता. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून गेले आणि वर्षाच्या शेवटी वसईला त्यांनी इंग्रजांशी तह केला. पाठोपाठ दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. बिदागीवर जगणाऱ्या कलाकाराचे उत्पन्न यजमानाच्या सुबत्तेशी बांधलेले असते. कलेला आश्रय देणारा दरबारच डळमळीत झाला होता.

राम जोशींचे निधन १८१२-१३ च्या सुमारास झाले. पेशवाई संपली १८१८ मध्ये. ज्या दुनियेसाठी त्यांनी लिहिले, ती त्यांच्यामागून पाच-सहा वर्षांत गेली.

मग त्यांचे नाव टिकले कसे?

आधी तोंडोतोंडी, मग छापील संग्रहांतून आणि नंतर पडद्यावरून. १९४७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरने लोकशाहीर राम जोशी हा चित्रपट आणला. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर आणि शांताराम, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत देसाईंचे. जयराम शिलेदार यांनी राम जोशींची आणि हंसा वाडकर यांनी बयाची भूमिका केली. मतवाला शायर राम जोशी या नावाने तो हिंदीतही निघाला. मराठीत तमाशापटांची जी लाट पुढे आली, तिची सुरुवात या चित्रपटापासून मानली जाते.

आज अनेकांच्या मनात राम जोशी म्हणून जी प्रतिमा आहे ती या चित्रपटातली आहे. चित्रपटाने नाट्य वाढवले, हे खरे. पण पोथीतल्या एका नावाला त्याने चेहरा दिला.

कोणाची नावे राहिली नाहीत?

राम जोशींनंतर सुमारे शंभर वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडली. आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी घरदार सोडून फड धरला. ते पठ्ठे बापूराव म्हणून गाजले. पवळाबाईंबरोबरच्या त्यांच्या फडाची कीर्ती महाराष्ट्रभर झाली आणि १९४५ मध्ये हलाखीत त्यांचा शेवट झाला.

या दोन्ही गोष्टी आपल्याला माहीत आहेत, कारण दोघांनी काहीतरी मोठे सोडले होते. जात, घर, वतन. सोडणारा माणूस कथेचा नायक होतो. पण ज्या फडात राम जोशी शिकले, तो फड चालवणाऱ्या धोंडी शाहिराबद्दल आपल्याकडे जेमतेम एक-दोन ओळी आहेत. ढोलकी कोणी वाजवली, झील कोणी धरली, नाच्या कोण होता, ही नावे मागे राहिलेली नाहीत. तमाशाची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली ती प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांनी. त्यांच्यासाठी फड हा घर सोडून निवडलेला मार्ग नव्हता. ते त्यांचे घरच होते, आणि त्यांना जवळ घेणारे मोरोपंत त्यांच्या वाट्याला क्वचितच आले.

म्हणून बारामतीच्या भेटीकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. एका थोर कवीने तमासगिराचे कवित्व ओळखले, ही मोठी गोष्ट. ते ओळखण्यासाठी तमासगिराला आधी संस्कृत यावे लागले, हीही तितकीच खरी गोष्ट.

थोडक्यात : महत्त्वाचे टप्पे

• १७२९ : मोरोपंतांचा पन्हाळगडावर जन्म; पुढे बारामतीत वास्तव्य

• १७६२ च्या सुमारास : राम जोशी यांचा सोलापुरात जन्म

• १७९४ : मोरोपंतांचे बारामतीत निधन, राम जोशींशी भेट त्याआधीची

• १७९६ : दुसरे बाजीराव पेशवेपदी, पुणे लावणीचे केंद्र

• १८१२-१३ च्या सुमारास : राम जोशी यांचे निधन

• १८१८ : पेशवाईचा शेवट

• १९४७ : लोकशाहीर राम जोशी चित्रपट प्रदर्शित

बारामतीत मोरोपंतांचे नाव आजही ठळकपणे दिसते. राम जोशींची आठवण शोधायची तर ती दगडात सापडणार नाही. देवळातल्या कीर्तनात एखादी आर्या ठेक्यात म्हटली जाते किंवा मोडनिंब-चौफुल्याच्या वाटेवर रात्री ढोलकी वाजते, तिथे ती सापडते. या दोन्ही ठिकाणी एकाच माणसाचे काम ऐकू येते.